शिवाक्काचा मार्का

सायले, ये अशी जवळ. तो फोन आधी पालथा ठेव. तू पुण्यात आणि मी नांदेडात, हे मला कळतं गं, पण हा कागद हातात धरलास की तू माझ्या खाटेवर येऊन बसलीस असंच मी धरणार. आणि बसलीच आहेस तर कान इकडे कर, पिळायचाय. दिवाळीला डबा भरून पाठवला. चकल्या, करंज्या, तुला आवडतात म्हणून शेंगदाण्याची पोळीसुद्धा. त्यावर तुझा एक शब्द आला, 'मिळालं'. चकली कडक झाली का नरम, तेल जास्त झालं का, काही नाही. परक्या माणसाची सही घेतल्यासारखं 'मिळालं'!

रागावलीस ते मला समजलंय. म्हातारी झाले, बहिरी नाही झाले. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी तू फोनवर म्हणालीस, "आज्जी, मला तुला एक सांगायचंय. मी क्वीअर आहे." आणि पुढं समजावून सांगायला लागलीस, तर मी तुला मधेच तोडलं. म्हणलं, "असलं कसलं नाव लावून घेतीस बाई? तू माझी सायली हायस, तेवढं पुरं की." तू म्हणालीस, "बरं आज्जी." आणि ठेवलास फोन. तेव्हापासून तू नांदेडला फिरकली नाहीस. तुला वाटलं असेल, आज्जीला शब्दच कळला नाही.

तर ऐक. मला तो शब्द माहीत होता. तुझ्याआधी मला तो शिवाक्काच्या अंगणात कळला होता. माहीत असून मी तुला तोडलं, आणि का तोडलं ते सांगायला हा सगळा कागद लागणार आहे.

शिवाक्का म्हणजे लातूरच्या डाळ मिलमधली शिवकांता. तुझे आजोबा गेल्यावर मी त्या मिलमध्ये डाळ निवडायला जाऊ लागले. चाळीस बाया दोन ओळींत बसायच्या, पदरानं नाक बांधून, कारण धूळ अशी की संध्याकाळी शिंकलं तरी पिवळं निघायचं. शिवाक्का निवडायला बसायची नाही. ती मार्का मारायची. पत्र्यात कोरलेला साचा पोत्यावर ठेवायचा, निळ्या रंगात बुडवलेला कुंचला त्यावर फिरवायचा, साचा उचलला की मिलचं नाव, मालाचं नाव, वजन, सगळं पोत्यावर उमटलेलं. साचेही तीच कोरायची. शाळेचं तोंड तिनं पाहिलेलं नव्हतं. अक्षर तिला चित्रासारखं माहीत होतं, वळणावळणानं. मी चौथी शिकलेली, पुड्यांचे कागद वाचून वाचून पुढचं शिकले. तिचा एखादा साचा बरोबर आहे का ते मला विचारायची. एकदाच चूक सापडली मला आयुष्यात, तर आठ दिवस माझ्याशी बोलली नाही.

दिसायला कशी होती सांगू? उंच, हाडापेरानं मोठी. लुगडं नेसायची, आणि लुगड्यावर पुरुषाचा पूर्ण बाह्यांचा सदरा. बटणं गळ्यापर्यंत लावलेली. सदऱ्याच्या खिशात पेन्सिल आणि चार लवंगा. केस मानेवर कापलेले, वरून रुमाल. नखं कायम निळी. जेवताना सुद्धा निळी. मी म्हणायची, "अक्का, राकेल लावून धू की." ती म्हणायची, "कामून? पोटात जाऊन पोटाला मार्का लागंल म्हणून भ्यायलीस?"

ती उदगीरच्या पलीकडची, तिकडच्या सरहद्दीवरची. बोलायची आपल्यासारखंच, पण पोती मोजायला लागली की कानडीत. ओंदु, येरडु, मूरु, नालकु. मधे कुणी बोललं तर पुन्हा ओंदुपासून. मिलचे मुनीम मुद्दाम मधे बोलायचे, आणि ती मुद्दाम त्यांच्याकडे बघत पुन्हा पहिल्यापासून मोजायची, गाडी खोळंबली तरी.

तिचं एक बोलणं ठरलेलं होतं. नवीन कुणी मार्का मारायला हाताखाली आलं की सांगायची, "नाव नीट लाव. नाव नीट आसलं की माल आपला आपण पोचतो." पोतं तिकडं कुठं हैदराबादला जायचं, नागपूरला जायचं. सोबत माणूस जात नाही, नावच जातं, हे तिला पक्कं माहीत होतं.

आता तुला गोटा काय असतं ते सांगावं लागेल, तू डाळ फक्त कुकरमध्ये पाहिलीस. तूर गिरणीत फिरते, टरफल निघतं, मग दाणा फुटून त्याच्या दोन डाळी होतात. काही दाणे मात्र टरफल टाकतात पण फुटत नाहीत. गोल, पिवळेधमक, अख्खे राहतात. तूर म्हणावी तर टरफल नाही, डाळ म्हणावी तर फुटलेली नाही. त्याला मिलमध्ये गोटा म्हणतात. आम्ही तो वेचून बाजूला टाकायचो, पुन्हा गिरणीत फिरवायला.

हमालांनी शिवाक्काचं नाव 'गोटा' ठेवलं होतं. ती गाडीकडे निघाली की मागून कुणी तरी ओरडायचं, "ए गोट्या, बाई हायस का बाप्या, एकदा ठरव की!" बाकीचे खिदळायचे. आम्ही बाया पदरात हसायचो. मीही हसलेय. खोटं कशाला लिहू? शिवाक्का मागं वळायची नाही. फक्त मोजणं चुकलेलं नसतानाही पुन्हा ओंदुपासून सुरू करायची. ते मला फार उशिरा लक्षात आलं.

आणि गंगू. गंगूशिवाय शिवाक्का सांगताच येत नाही. गंगू माझ्याच ओळीत बसायची, माझ्या डाव्या हाताला. एवढीशी, हिरव्या बांगड्या, पालीला भिणारी. नवऱ्यानं टाकलेली. भावाच्या घरी राहून राहून बेजार झाली आणि लातूरला आली. शिवाक्काच्या दोन खोल्यांत एका उन्हाळ्यात राहायला गेली ती मग निघालीच नाही. कुणी विचारलं की शिवाक्का सांगायची, "मावसबहीण हाय." एक लिंगायत, एक मराठा, मावसबहिणी कशा होतील? सगळ्यांना कळायचं. कुणी बोलायचं नाही. मिलमध्ये चहा आला की शिवाक्का बशीत ओतायची, फुंकर घालायची, आणि पहिली बशी गंगूपुढे. गंगूची बशी रिकामी झाल्यावर मग आपली. वीस वर्षं मी रोज दोनदा ते पाहिलं. तुझ्या आजोबांनी मला एकदाही चहा निवून दिला नव्हता, आणि ते काही वाईट माणूस नव्हते.

एकदा गंगूला गोट्याची थट्टा सहन झाली नाही. सुपातले गोटे मुठीत घेतले आणि ओरडणाऱ्या हमालापुढे जाऊन उभी राहिली. एवढीशी बाई. म्हणाली, "ह्यो फुटत न्हाई म्हणून तुमी ह्याला टाकता व्हय? माझ्या घरी या, याचंच वरण करते. बोटं चाटताल." शिवाक्का तिकडून म्हणाली, "गंगे, मीठ कमी घालतीस तू, त्यास्नी बोलवू नको." तेव्हा पहिल्यांदा लोक तिच्याबरोबर हसले.

मग मी नांदेडला आले, तुझ्या मामाकडे. मिल सुटली पण त्या दोघी सुटल्या नाहीत. वर्षातून एकदा यायच्या. माहूरची रेणुकामाता गंगूचं कुलदैवत. शिवाक्काच्या गळ्यात लिंग, तिचा देव वेगळा, पण गंगूची पिशवी धरून ती गडावर चढायची आणि परतताना दोघी आमच्याकडे मुक्काम करायच्या. मामी विचारायची, "या कोण तुमच्या?" मी म्हणायची, "मिलच्या मैत्रिणी." मामी म्हणायची, "दोघी बहिणी आहेत का?" मी म्हणायची, "हाव." किती सोपं होतं बघ.

शेवटच्या खेपेला गंगू गडावरून आली तीच छातीला हात लावून. सकाळी तिला श्वास घेता येईना. नांदेडातल्याच एका दवाखान्यात नेलं. खिडकीवर फॉर्म दिला. शिवाक्कानं तो माझ्या हातात दिला, "तू लिव." पेशंटचं नाव, वय, गाव, सगळं भरलं. मग आलं, सोबत आलेल्या व्यक्तीचं नाव आणि पेशंटशी नातं. नाव लिहिलं, शिवकांता. नात्यापाशी माझा हात थांबला.

मावसबहीण लिहावं तर खोटं, उद्या कागद मागितला तर? दुसरं काय लिहिणार? मला शब्द येतच नव्हता. मागे रांग लागलेली, खिडकीतली पोरगी "लवकर करा मावशी" म्हणतेय. मी लिहिलं, 'शेजारीण'.

मला वाटलं, त्यात कुणाचं काय बिघडतं.

तर गंगूला आत अतिदक्षता विभागात ठेवलं. दारावरचा माणूस म्हणाला, नातेवाईक कोण? एकालाच सोडू. कागद पाहिला, म्हणाला, "शेजाऱ्यांना नाही सोडता येत मावशी, घरच्यांना बोलवा." मी भांडले, विनवण्या केल्या. त्याचंही बरोबर होतं, कागदावर होतं तेच तो वाचत होता. गावाकडून गंगूच्या भावाचा मुलगा आला दुसऱ्या दिवशी. भला मुलगा, वाईट नाही बोलायची मी त्याला. पण त्यानं आत्याला दहा वर्षांत पाहिलं नव्हतं. तो आत, आणि शिवाक्का बाहेर बाकावर.

तीन दिवस ती त्या बाकावर बसली. काही खाल्लं नाही, खिशातल्या लवंगा संपवल्या. तिसऱ्या दिवशी तिनं सदरा काढला, घडी केली, आणि नर्सला म्हणाली, "बाई, ह्यो तिच्या उशापाशी ठिवा. तिला वास वळखू यील." नर्स लेकुरवाळी असावी. काही न विचारता घेऊन गेली. बाहेर आल्यावर म्हणाली, "मावशी, त्यांनी डोळे नाही उघडले, पण हात ठेवला सदऱ्यावर."

त्याच दुपारी गंगू गेली.

भाच्यानं गाडी केली गावाकडे. घरची माणसं आणि गंगू, एवढीच जागा. शिवाक्का एसटीनं गेली. ती पोचली तेव्हा सगळं आटोपलं होतं.

पुढं कधीतरी लातूरला गेले तर मी पाया पडले तिच्या. म्हणलं, "अक्का, चुकले मी." ती साचा कोरत होती. वर न बघता म्हणाली, "तू लिवलंस ते खोटं न्हवतं. एका भिंतीआड दोघी ऱ्हात होतो, शेजारणीच की. पर पोतं भलत्याच दुकानात उतरलं, बघ." एवढंच. परत कधी काढलं नाही तिनं. काढलं असतं तर बरं झालं असतं.

आता तुझ्या शब्दाकडे येते. गेल्याच्या गेल्या वर्षी वेळ अमावस्येला मी लातूरला होते. त्या दिवशी लातूर कसं असतं तुला माहीत आहे, सगळं गाव शेतात. दुकानं बंद, रस्ता मोकळा, रिक्षासुद्धा आंबील प्यायला गेलेल्या. ज्यांना शेत नाही आणि बोलावणंही नाही, तेवढेच घरी. शिवाक्का, मी, आणि शिवाक्काच्या वरच्या खोलीत भाड्यानं राहणारी एक क्लासची पोरगी. डॉक्टर व्हायला आलेली, वाळकी, चष्मेवाली. शिवाक्कानं तिला हाक मारली, "बा इल्ली, खाली ये. शेत नसलं म्हणून काय भज्जी चुकवायची न्हाई." तिघींनी अंगणात पालेभाज्या-शेंगांची ती भज्जी, बाजरीचे उंडे खाल्ले. पोरीच्या वहीवर एक रंगीत चिठ्ठी डकवलेली होती. शिवाक्काची नजर अक्षरावर गेल्याशिवाय राहतेय का?

"हे काय लिवलंय गं? इंग्रजी साचा दिसतोय."

पोरगी घाबरली. वही पालथी केली. मग माझ्याकडे पाहिलं, शिवाक्काच्या सदऱ्याकडे पाहिलं, आणि हळूच म्हणाली, "क्वीअर."

"म्हंजे?"

"म्हणजे आजी... पूर्वी ती शिवी होती. विचित्र, वाकडा, असं हिणवायचे. पोरीवर जीव असणारी पोरगी, पोरावर जीव असणारा पोरगा, बाई आणि बाप्या यातल्या एकाही खणात न बसणारं माणूस, सगळ्यांना मिळून. मग त्याच माणसांनी तो शब्द उचलला आणि स्वतःच स्वतःला लावला. म्हणाले, हो, आहोत आम्ही."

"लोकांनी फेकून मारलेला, आन् तुमी ठिवून घेतला?"

"हाव."

शिवाक्का घास तोंडात तसाच ठेवून विचार करत बसली. मग म्हणाली, "म्हंजे बारदान उलटं करून घेतलं म्हणा की."

पोरीला कळेना. मी सांगितलं तिला, आणि तुलाही सांगते. बारदान म्हणजे रिकामं पोतं; जुनं पोतं परत वापरायचं असलं की त्यावर आधीच्या कुणाचा तरी मार्का असतो. तो घासून जात नाही. मग पोतं उलटं करतात, आतली बाजू बाहेर, आणि तिच्यावर आपला मार्का मारतात. पोतं तेच. जुनं नाव पुसलेलं नसतं, आत असतं. पण वाचायचं ते बाहेरचं.

पोरगी हसली. म्हणाली, "पण आजी, सगळ्यांना हा शब्द आवडत नाही. काहींना अजून तो लागतो. काहींना दुसरा नेमका शब्द हवा असतो. काहींना कुठलाच नको. जबरदस्ती नसते."

"आसायलाच नको. ज्याचा माल त्यानंच मार्का मारावा."

आणि मी काय म्हणले असेन, सायले? तुला जे म्हणले तेच. "अक्का, या वयात आता कशाला नाव लावून घेतीस? येवढी वर्सं बिननावाचीच की ऱ्हायलीस."

तिनं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. ज्या डोळ्यांनी ती साच्यातली चूक शोधायची त्या डोळ्यांनी. म्हणाली, "बिननावाची कुठं ऱ्हायले मी? गोटा हमालांनी लावलं, मावसबहीण मी लावलं, शेजारीण तू लावलंस. माझं तेवढं ऱ्हायलं."

हात धुतले, आत गेली, एक पत्रा घेऊन आली. उजेडाला बसून छिन्नीनं कोरत राहिली. दुपार झाली तरी कोरतेय. पोरगी शेजारी बसून पत्रा धरून देत होती. मग एक जुनं बारदान उलटं केलं, दोरीवर ताणलं, निळा रंग कालवला. पहिल्या ओळीत उमटलं 'गोटा'. खाली 'शिवा – गंगू'. तिनं मागं सरून पाहिलं. म्हणाली, "ती असती तर म्हणली असती, माझं नाव आधी कामून न्हाई." आणि मग, सायले, ती पहिल्यांदा रडली. दवाखान्यात रडली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नांदेडला निघाले. रिक्षात बसून मागं वळून पाहिलं. तिनं ते बारदान दाराला पडद्यासारखं टांगलं होतं आणि त्याच्या पुढं उभी होती, सदऱ्याची बटणं गळ्यापर्यंत, निळी बोटं वर केलेली. रिक्षा निघाली तशी ओरडली, "पुढच्या येळेला फारम घिऊन ये गं! मी सांगते काय लिवायचं!" रस्त्यावरचे दोघं-चौघं वळून बघायला लागले. ती बघू देत होती. तेच तिचं मला शेवटचं दिसणं.

ज्येष्ठात गेली. झोपेतच. त्या पोरीचा फोन आला मला. तिनंच सांगितलं, पोचवायला मिलमधल्या सात-आठ म्हाताऱ्या होत्या, आणि दोन हमाल. एक त्यातलाच, ओरडणाऱ्यांतला. खांदा त्यानं शेवटपर्यंत बदलला नाही.

आता कळलं का मी तुला का तोडलं? तू तो शब्द उच्चारलास आणि मला तो बाक दिसला. दवाखान्याचा. मला वाटलं, माझं लेकरू उद्या कुठल्या दाराबाहेर बसेल. म्हणून म्हणलं, नाव नको, सायली पुरे. भीतीनं म्हणलं बाई. पण त्या बाकावर शिवाक्काला नावानं बसवलं नव्हतं. माझ्या भिण्यानं बसवलं होतं. हे मला तिथं कळलं, आणि तुझ्या फोनवर पुन्हा विसरले. एका माणसानं एकच चूक किती वेळा करावी?

ते बारदान मी नंतर लातूरला जाऊन त्या पोरीकडून आणलं, आता माझ्या दाराला आहे. मामीनं विचारलं, "हे काय आणलंत जुनं पोतं?" मी सांगितलं, सगळं सांगितलं, मावसबहिणीसकट. खालची शिवण उसवली होती ती मग तिनंच घातली. 'शिवा – गंगू'च्या खाली हातभर जागा कोरी आहे. मी काही तुला लिही म्हणत नाही. तुझा शब्द तुझ्यापाशी ठेव, नाहीतर लिही, नाहीतर दुसरा आण. साचा मला कोरता येत नाही, पण कुंचला धुऊन ठेवलाय आणि निळा रंग नांदेडात मिळतो.

तुझ्या फोटोत ती कुरळ्या केसांची असते ना, तिलाही घेऊन ये. शेजारपाजारच्या बाया विचारणारच, ही कोण. मी माझ्या मनानं काही सांगणार नाही. तू सांगशील तेच सांगेन, मोठ्यानं. चहा मात्र मी बशीत ओतून ठेवणार, दोघींचा, आणि कुणी कुणाला फुंकर घालायची ते तुमचं तुम्ही बघा.

संक्रांतीचे तीळ भाजून ठेवलेत. मऊ पडायच्या आत ये. कोणत्या गाडीनं निघतेस ते कळव, मी स्टँडवर येऊन बसते. लवकर ये गं माय.